न्यूरोसायन्स आणि सूक्ष्मयंत्रणा अभियांत्रिकी : एकत्रित पदव्युत्तर तयारी कशी करावी

प्राण्याच्या मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडचा (चेतापेशींचे विद्युत संकेत टिपणाऱ्या सूक्ष्म वाहकाचा) संकेत काही आठवड्यांनी मंदावला, तर दोष तारेच्या जोडात आहे, वरच्या विद्युतरोधक थरात आहे, की इलेक्ट्रोडभोवती ग्लिया या मेंदूतील आधारपेशींचे आवरण चढले आहे, हे ज्याला स्वतः पडताळता येते, त्याचे प्रशिक्षण पुरे झाले असे मी मानतो. त्यामुळे न्यूरोसायन्स म्हणजे मेंदूचा अभ्यास आणि सूक्ष्मयंत्रणा अभियांत्रिकी म्हणजे अशी बारीक उपकरणे घडवण्याची विद्या, यांच्या एकत्रित अभ्यासक्रमाची आखणी या प्रश्नापासूनच करावी.

अभियांत्रिकीतून येणाऱ्याने पहिल्या सत्रात हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ साली मांडलेली, चेतापेशीतील विद्युत संकेत कसा निर्माण होतो हे सांगणारी समीकरणे संगणकावर स्वतः सोडवून पाहावीत. जीवशास्त्रातून येणाऱ्याने मंडले, फिल्टर आणि पायथन ही संगणकभाषा यांवर हात बसवावा. न्यूरोपिक्सेल्स या सिलिकॉन प्रोबच्या (मेंदूत उतरवायच्या, अनेक इलेक्ट्रोड असलेल्या बारीक सुईच्या) ३८४ वाहिन्या प्रत्येकी सेकंदाला सुमारे ३०,००० नमुने घेतात, म्हणजे एका सेकंदात एक कोटीहून अधिक आकडे जमा होतात, आणि ते हाताने चाळता येत नाहीत.

मात्र सर्वाधिक वेळ द्यावा तो प्रत्यक्ष हाताळणीला. अगरोज या समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या पदार्थाची ०.६ टक्के जेल मेंदूच्या मऊपणाला बरीच जवळची असते. तिच्यात प्रोब हळूहळू उतरवताना पृष्ठभाग आधी खाली दबतो आणि मग एकदम भेदला जातो. हे सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहिले, की टोकाचा आकार आणि उतरवण्याचा वेग यांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. सिलिकॉन मेंदूच्या ऊतीपेक्षा कोट्यवधी पटींनी ताठर असतो आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच आहे. त्यानंतर ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात, एक किलोहर्ट्झला, प्रत्येक वाहिनीचा इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) मोजून वहीत नोंदवावा. पुढे प्रोब मेंदूत बसवल्यावर तो एकाएकी फार वाढला तर तार तुटल्याची शंका घ्यावी, बराच घटला तर विद्युतरोधक थराची. सावकाश वाढत गेला तर ग्लियाचे आवरण चढले आहे का, हे ऊतीचे काप रंगवून पाहावे.

जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात सूक्ष्मयंत्रणा अभियांत्रिकीची संस्था आणि संगणकीय न्यूरोसायन्सचे बर्नस्टाइन केंद्र दोन्ही असल्याने अशा शिक्षणाला तिथे चांगली जागा आहे. भारतात आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथील नॅनो-निर्मितीच्या सुविधा आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम) या उपक्रमातून बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येतात. महाराष्ट्रातल्या लहान महाविद्यालयातील विद्यार्थ्याने मार्गदर्शकामार्फत तिथे अवश्य अर्ज करावा.

प्रवेश घेण्यापूर्वी दोन्ही विभागांतून एकेक मार्गदर्शक लेखी निश्चित करून घ्यावा, आणि क्लीनरूमचे (सूक्ष्म उपकरणे बनवण्याच्या धूळमुक्त खोलीचे) प्रशिक्षण तसेच प्राणी हाताळण्याची नैतिक समितीची परवानगी यांना किती महिने लागतात हे सध्याच्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.