लेकीसोबत शाळेच्या कपड्यांची खरेदी: माप, कापड आणि गोव्याचा पाऊस

बाजारात निघण्याआधी शाळेची डायरी काढा आणि गणवेशाचे नियम मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. स्कर्टची लांबी, मोज्यांचा रंग, रिबन, बूट: जे लिहिलंय त्यावर वाद नाही. जे लिहिलेलं नाही ते तिच्या हातात द्या. दप्तर, केसांच्या क्लिपा, घड्याळाचा पट्टा, वाढदिवसाचा रंगीत ड्रेस, शिकवणीचे कपडे हे सगळं यात येतं. तुमच्याकडे तीनच गोष्टी ठेवा: लांबी, गळा आणि एकूण पैसे. त्या घरीच सांगून टाका. विक्रेत्यासमोर सांगितलेली मर्यादा चौदा वर्षांच्या मुलीला अपमान वाटते, आणि मग चांगला कुर्ताही ती हातात घेत नाही.

नंतर कपाट रिकामं करा. जुना गणवेश अंगावर घालून बघा. शिवणीच्या आत दाब, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, उरला असेल तर उसवून वर्ष निघतं. कोरड्या दिवसांत दोन जोड पुरतात. जून ते सप्टेंबर मात्र तीन हवेत, कारण दाट कापडाचा स्कर्ट घरात दोरीवर दोन दिवस ओला राहतो आणि अर्धवट वाळलेल्या कापडाला कुबट वास येतो, मग काळे ठिपके पडतात. ते ठिपके पांढऱ्या कॉटनवरून सहसा पूर्ण जात नाहीत.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून दोन नंबर मोठं घेण्यात. पाळी सुरू झाल्यानंतर मुलींची उंची साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते. बदलतो तो छातीचा आणि नितंबांचा घेर. म्हणजे पाळी सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झालेल्या मुलीला खालची दुमड दीड-दोन इंच पुरे, पण दोन्ही बाजूंच्या शिवणीत एकेक इंच दाब हवाच. खांदा मात्र आजच्या मापाचा घ्या. खांद्याची शिवण दंडावर उतरली की कितीही महाग शर्ट मागून आणल्यासारखा दिसतो. मुलींना ‘स्टायलिश’ वाटतं ते बहुतेक वेळा एवढंच असतं: खांदा जागेवर, बाही नेमकी, कमरेला थोडा आकार. हे नियमात बसतं आणि त्याला वेगळे पैसेही पडत नाहीत.

माप घेताना टेप सैल नको, आवळलेलीही नको. शाळेच्या शर्टाला छातीच्या मापात चार इंच मिळवा, कुर्त्याला तीन. त्याहून कमी ठेवलं तर आपल्याकडच्या दमट हवेत कापड पाठीला चिकटतं.

कापड हाताने पारखा. शर्टासाठी टेरीकॉट (पॉलिस्टर-कॉटनचं मिश्र कापड) लवकर वाळतं आणि इस्त्री टिकवतं, पण निव्वळ पॉलिस्टर घाम शोषत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ते अंगावर नको होतं. पांढरं कापड एकपदरी धरून मागे तळहात ठेवा. बोटं मोजता आली तर ते पावसात भिजल्यावर आरपार दिसणार. आत घालायची स्लिप पांढरी नको, त्वचेच्या रंगाची घ्या; पांढऱ्याखाली पांढरी उठून दिसते. गडद रंगाच्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का ते बघा.

आता ट्रायल रूम. आरशासमोर नुसतं उभं राहून काही कळत नाही. तिला चार हालचाली करायला सांगा. दोन्ही हात वर: शर्ट स्कर्टातून निघतो का? हात पुढे गुंफून: छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडते का? पडत असेल तर तिथे आतून एक टिचबटण लावून घ्या. मग खुर्चीवर बसणं; उभ्याने गुडघ्याला टेकणारा स्कर्ट बसल्यावर तीन-चार इंच वर सरकतो. शेवटी एक पाय उंच उचलणं, कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसची पायरी चढावी तसा. इथे अडणारा अरुंद स्कर्ट रोज सकाळी अडणार. स्कर्टाखाली गडद सायकलिंग शॉर्ट्स घेतल्या तर खेळाच्या तासाला आणि पाळीच्या दिवसांत निश्चिंती. कपडा बसला नाही तर ‘मुंढ्यात (बाही जोडतात तिथे) तंग आहे’ म्हणा. तिच्या अंगाबद्दल एक शब्दही नको.

कुठे काय घ्यायचं तेही ठरवून जा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मोजे, रुमाल, क्लिपा, लेगिंग्ज घ्या. अंगावर घालून बघायच्या वस्तू ट्रायल रूम असलेल्या दुकानातूनच. गोव्यात बरीच दुकानं दुपारी जेवणाला आणि वामकुक्षीला बंद असतात, म्हणून चारनंतर निघा. बुटांसाठी ही वेळ तशीही बरोबर: दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, त्यामुळे सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो तसं होत नाही. शाळेचे मोजे घालून बूट चढवा आणि सर्वांत लांब बोटापुढे अर्धा इंच जागा सोडा. शाळा परवानगी देत असेल तर पावसात पीव्हीसीचे सँडल वापरा. चामड्याच्या बुटांना बंद कपाटात बुरशी लागते, ते वर्तमानपत्राचे बोळे भरून उघड्यावर ठेवा.

शिंप्याकडे द्यायचं कॉटन असेल तर आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात कुर्ता आखूड होतो. ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) अडीच मीटर कापड कुर्त्याला सहसा पुरतं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी शिंप्यांकडे गर्दी असते, तेव्हा शाळेचं काम महिनाभर आधी द्या आणि उरलेला तुकडा व दोन जादा बटणं मागून घ्या. तयार कपड्यांचं बिल आणि लेबल पहिली धुलाई होईपर्यंत फेकू नका. एकदा धुतलेला कपडा दुकानदार सहसा बदलून देत नाही, म्हणून घरी आणल्यावर त्याच संध्याकाळी मोजे-बुटांसकट सगळं एकदा घालून बघायला लावा.