बाळाच्या तोंडातली बुरशी: थेंब कसे घालावेत आणि दवाखाना कधी गाठावा

जिभेवर पांढरं दिसलं की बुरशीच, असं नाही. ओल्या मऊ कापडाने अलगद टिपा. निघालं तर दूध. गालांच्या आत आणि हिरड्यांवर चिकटून बसलेले, निघत नाहीत असे चट्टे बहुधा कँडिडा बुरशीचे. खरवडू नका, रक्त येतं. डॉक्टरांना दाखवा.

बहुतेकदा निस्टॅटिन या बुरशीविरोधी औषधाचे थेंब मिळतात, आणि गडबड इथेच होते. हे औषध आतड्यातून रक्तात जवळपास शोषलंच जात नाही. जिथे लागतं तिथेच काम करतं. तरीही ते दुधाच्या बाटलीत मिसळायला सांगणारे भेटतातच. तसं केलं तर औषध चट्ट्यांवर न थांबता दुधाबरोबर पोटात उतरतं. म्हणून दूध पाजून झाल्यावरच घाला. औषध तळाशी बसतं, तेव्हा त्याची बाटली आधी चांगली हलवा. डॉक्टरांनी दिलेल्या डोसाचा अर्धा भाग एका गालात, अर्धा दुसऱ्या. घशाकडे पिचकारी मारू नका, ठसका लागतो. स्वच्छ बोटाने चट्ट्यांवर पसरवा. सहसा दिवसातून 4 वेळा. चट्टे गेले की लगेच थेंब बंद करायचे नाहीत. आणखी 2 दिवस घाला, नाहीतर बुरशी परत येते.

आईच्या स्तनाग्रांची आग होत असेल तर तिचे उपचारही त्याच वेळी सुरू व्हायला हवेत. चोखण्या रोज उकळा. मायकोनॅझोल हे बुरशीविरोधी जेल स्वतःच्या मनाने लावू नका, लहान बाळाच्या घशात अडकून जीव गुदमरू शकतो. मध तर 1 वर्षाच्या आत कधीच नाही; बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो.

रक्तात शिरलेली बुरशी हे वेगळंच प्रकरण. धोका सर्वाधिक 1000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या, शिरेत नळी असलेल्या, बरीच प्रतिजैविकं घेतलेल्या बाळांना. तापच येईल असं नाही: अंग गार पडतं, श्वास मध्येच थांबतो, दूध पचत नाही, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरतात. जिवाणूंचा संसर्गही असाच दिसतो, त्यामुळे रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातून जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी लागते. कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून बुरशी नाहीच, असं धरता येत नाही. अँफोटेरिसिन बी किंवा फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध शिरेतून देतात, शक्यतो नळी काढतात, आणि कल्चर स्वच्छ आल्यानंतरही साधारण 14 दिवस औषध चालतं.

घरी असलेलं 3 महिन्यांखालचं बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, किंवा ताप 38 अंश सेल्सियस वा अधिक झाला, तर थेंबांचा परिणाम पाहत बसू नका. त्याच घटकेला दवाखान्यात न्या, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर ते पोहोचताच सांगा.