सिंगल-पेअर का हवं, हे प्रतिनिधीला दोन मिनिटांत कसं सांगाल

अमेरिकेत राहणाऱ्या आणि आरोग्याचा इन्शुरन्स नोकरीच्या दावणीला बांधलेला नको, सगळ्यांसाठी एकच सार्वजनिक विमा (म्हणजेच सिंगल-पेअर) हवा असं मनापासून वाटणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. आमच्या काँग्रेस प्रतिनिधीच्या ऑफिसात मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा आकडेवारी नेली होती. समोरच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, पण लिहून काहीच घेतलं नाही. दुसऱ्यांदा मी लेकीच्या सेन्सरबद्दल बोलले, तेव्हा तिने पेन उचललं.

म्हणून आधी कागद काढा. ‘हे बिल नाही’ असं वर छापलेली इन्शुरन्सची पत्रं आपण न वाचता खणात टाकतो. ती तारखेप्रमाणे लावा आणि वहीत तीन रकाने आखा: तारीख, इन्शुरन्स काय म्हणाला, त्या दिवशी घरात काय चाललं होतं. तुमचं खरं कारण तिसऱ्या रकान्यात सापडेल.

माझं असं सापडलं. लेक नऊ वर्षांची, टाइप वन डायबेटिस. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो, तो दर दहा दिवसांनी बदलायचा. ऑक्टोबरात नवऱ्याची नोकरी गेली. ‘कोब्रा’ कायद्यामुळे जुना इन्शुरन्स साधारण 18 महिने ठेवता येतो, पण मग कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के खर्च. म्हणजे प्रीमियमच्या 102 टक्क्यांपर्यंत, आणि तेही पगार थांबलेला असताना. आम्ही भरला. डिसेंबरात नवी नोकरी लागली, नवा इन्शुरन्स आला. डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्स पैसे देऊ लागण्याआधी वर्षाला आपण भरायची रक्कम, पुन्हा शून्यापासून, सेन्सरसाठी पुन्हा प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे इन्शुरन्सची आधी मंजुरी. मूल तेच, आजार तोच, डॉक्टरही तीच. ड्रॉवरमध्ये तीन सेन्सर उरले होते आणि मंजुरीला 41 दिवस लागले. शेवटचे अकरा दिवस मी रात्री दोनला उठून तिचं बोट टोचत होते. चौथ्या रात्रीपासून ती झोपेतच हात पुढे करायला लागली.

मी तिथे एवढंच सांगितलं. तुम्हीही एकच प्रसंग निवडा. पाच सांगितले तर एकही लक्षात राहत नाही.

मग तो प्रसंग मागणीला जोडा. सिंगल-पेअर म्हणजे सगळ्यांच्या उपचारांचे पैसे एकच सार्वजनिक निधी देतो. दवाखाने सरकारी व्हावेच लागतात असं नाही. कॅनडात सस्कॅचवान प्रांताने 1962 मध्ये अशी योजना सुरू केली, आणि तिथले बरेचसे डॉक्टर आजही स्वतःची प्रॅक्टिस चालवतात. तैवानने 1995 मध्ये सगळ्यांना एका विम्याखाली आणलं. इथेही 65 वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा आहेच, त्याचा कायदा 1965 चा. ‘कॅनडात सगळं फुकट’ असं मात्र बोलू नका. तिथे दवाखान्याबाहेरची औषधं सरसकट त्यात येत नाहीत, आणि एक चूक पकडली गेली की तुमचा खरा मुद्दाही वाहून जातो. नोकरी गेली म्हणून तिथे डॉक्टरकडे जाणं थांबत नाही, एवढं सांगितलं तरी पुरतं.

‘टॅक्स वाढेल’ हे कोणीतरी म्हणणारच. हो, वाढेल, असं सरळ म्हणा. मग आपला डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीने दिलेला फॉर्म, पुढे करा. मोठ्या कंपन्यांच्या डब्ल्यू-टूवर बारा नंबरच्या चौकटीत ‘डीडी’ अक्षरांपुढे एक रक्कम असते. तुमचा आणि कंपनीचा मिळून इन्शुरन्सवर झालेला तो वर्षाचा खर्च. आम्ही दोघांनी तो आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ काही बोललोच नाही. वाढणारा टॅक्स त्याच्याशी ताडून बघायला हवा, आणि त्यात डिडक्टिबलही मिळवा.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल, मत देता येत नसेल, तरी पत्र लिहा, भेट मागा. त्या मतदारसंघात राहता, एवढं पुरेसं आहे. उलट नोकरी गेली की साठ दिवसांत व्हिसाचं बघायचं आणि इन्शुरन्सचंही, हे तुमच्याइतकं कोण सांगू शकेल?

शेवटी नेमकं मागा: सिंगल-पेअर आणू पाहणाऱ्या ‘मेडिकेअर फॉर ऑल’ विधेयकाचे सहप्रायोजक व्हा, म्हणजे पाठिंबा म्हणून त्यावर आपलं नाव घाला. काँग्रेस दर दोन वर्षांनी नवी बसते आणि विधेयकाचा नंबर बदलतो, तेव्हा जाण्याआधी चालू नंबर बघून घ्या. कागदांच्या प्रती देणार असाल तर मुलाचं नाव, जन्मतारीख आणि मेंबर नंबर काळ्या मार्करने झाकून पुन्हा झेरॉक्स काढा. नुसत्या मार्करखालचं उजेडात धरलं की वाचता येतं.