एअर प्युरिफायर: निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

खोक्यावर जितक्या तंत्रज्ञानांची नावं जास्त, तितकं यंत्र भारी, असं समजू नका. 'सात टप्प्यांची शुद्धी' करणाऱ्या यंत्रातही बहुतेक काम घडीदार फिल्टर आणि त्यातून हवा ओढणारा पंखा हेच करतात. उरलेले टप्पे बरेचदा शोभेचे असतात आणि एखादा चक्क त्रासदायक निघतो.

हेपा फिल्टर, म्हणजे अतिबारीक कण अडवणारा घडीदार फिल्टर, ०.३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण सोडून देतो, हा समज चुकीचा आहे. अडवायला सगळ्यात कठीण कण साधारण त्याच आकाराचे असतात, म्हणून चाचणी तिथे होते आणि तिथेही ९९.९७ टक्के कण अडतात. मोठे कण थेट धाग्यांवर आदळतात. त्याहून बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि धाग्यांना चिकटतात. मात्र 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' असं लिहिलेलं असेल, तर ही हमी धरू नका.

फिल्टर उत्तम पण यंत्र खोलीच्या मानाने लहान, ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं, ते सीएडीआर (क्लीन एअर डिलिव्हरी रेट) या आकड्यावरून कळतं. १५० चौरस फुटांच्या, १० फूट उंच खोलीत साधारण ४२ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर सीएडीआर तासाला २१० घनमीटरच्या आसपास लागतो. शिवाय छापलेला आकडा बहुधा पंखा सर्वात वेगात असतानाचा असतो. आवाज नको म्हणून रात्री 'स्लीप मोड' लावला, की तो बराच खाली येतो. त्यामुळे थोडं मोठं यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवणं बरं.

आता आयोनायझर. तो कणांना विद्युतभार देतो आणि ते भिंतीवर, पडद्यांवर, टेबलावर जाऊन बसतात. झाडलोट केली की त्यातले बरेच पुन्हा हवेत. काही आयोनायझर ओझोन हा फुफ्फुसांना त्रासदायक वायूही तयार करतात. मुद्दाम ओझोन सोडणारी यंत्रं तर माणसं राहतात त्या खोलीत नकोतच. जंतू मरतील इतका ओझोन सोडला, तर तो फुफ्फुसांना सोसवत नाही, आणि सोसवेल इतका सोडला तर जंतूंना फारसं काही होत नाही. लिंबाच्या वासाच्या क्लीनरमधल्या रसायनांशी त्याचा संयोग झाला, की फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. कॅलिफोर्नियात घरगुती प्युरिफायरसाठी ओझोनची कायदेशीर मर्यादा ०.०५० पीपीएम (दहा लाख भागांत ०.०५० भाग) आहे. यंत्र लावल्यावर पाऊस पडून गेल्यासारखा 'ताजा' वास आला तर खूश होऊ नका, तो ओझोनचा असू शकतो; आयोनायझरचं बटण शोधून बंद करा.

यूव्ही-सी हे अतिनील किरण जंतू मारतात हे खरं, पण त्यासाठी पुरेशी तीव्रता आणि वेळ लागतो. लहान यंत्रातल्या छोट्या दिव्यासमोरून हवा क्षणात निघून जाते. टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून वायूंचं विघटन करणारी यंत्रंही जपून घ्या. विघटन अर्धवट राहिलं तर उपपदार्थ म्हणून पुन्हा फॉर्माल्डिहाइडच बाहेर पडू शकतं.

नवं यंत्र चालूच आहे पण हवेत फरक नाही? आधी फिल्टर बाहेर काढून पाहा. त्यावरची प्लास्टिकची पिशवी तशीच राहिलेली अनेकदा सापडते. यंत्र भिंतीला किंवा सोफ्याला चिकटवलं असेल तर हवा आत यायला वाट मिळत नाही. पुढची जाळी व्हॅक्यूमने साफ करा, पण हेपा पाण्याने धुऊ नका, कंपनीने तो धुण्याजोगा असल्याचं सांगितलं असेल तरच धुवा.

यंत्रावरचा हवा स्वच्छ असल्याचा दिवा हिरवा, तरी रंगाचा किंवा तळणाचा वास येतोय, अशी तक्रार नेहमीची. बहुतेक यंत्रांमधला सेन्सर फक्त कण मोजतो, वायू त्याला दिसतच नाही. वासासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे वायू शोषून घेणारा खास कोळसा लागतो, तोही भरपूर. जाळीवर भुरभुरलेला पातळ थर लवकरच भरून जातो. कोंदट वाटत असेल तर कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि त्यावर उपाय खिडकी उघडण्याचाच. कार्बन मोनॉक्साइडही हेपा किंवा कार्बनने अडत नाही, त्यासाठी वेगळा अलार्म लावा.