युरोपच्या इतिहासाचा पेपर : 1848 ते 1871 एका कागदावर कसं आणायचं

सिलॅबस, मागच्या पाच वर्षांचे पेपर आणि एक धड पुस्तक तुमच्याकडे आहे असं धरून चालते. नसेल तर आधी ते जमवा.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहून मी बरीच वर्षं बी.ए.च्या मुलांची इतिहासाची तयारी करून घेते आहे. परीक्षेला महिना उरला की मुलं येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘काकू, फ्रेंच राज्यक्रांती एकदम पक्की आहे.’ असणारच. दर वेळी अभ्यास 14 जुलै 1789 पासून सुरू होतो, बास्तीयचा तुरुंग दहा वेळा पडतो आणि प्रशिया या जर्मन राज्याच्या पंतप्रधान बिस्मार्कची गाठ परीक्षेच्या आदल्या रात्री अकरा वाजता पडते. म्हणून या वेळी 1848 पासून सुरुवात करा. राज्यक्रांतीला एक दिवस, नेपोलियनला एक दिवस आणि व्हिएन्ना परिषदेला एक दुपार पुरते. औद्योगिक क्रांती नीट एकदा वाचली की समजते, तिच्यासाठी शिकवणी लागत नाही.

खरी अडचण इटली आणि जर्मनीच्या एकीकरणात आहे. अडचण विषयाची नाही, पुस्तकांच्या मांडणीची आहे. इटलीचं प्रकरण वेगळं, जर्मनीचं वेगळं. इटली शिकताना 1866 चं युद्ध दोन ओळींत येतं, वीस पानांनी तेच युद्ध जर्मनीत पुन्हा भेटतं, आणि हे एकच युद्ध आहे हे कोणी सांगत नाही. मग बाजारातली गाइडं ‘एकीकरणाचे सात टप्पे’ छापतात आणि मुलं त्यांच्या आद्याक्षरांचा मंत्र करून पाठ करतात. मंत्रातलं एक अक्षर निसटलं की सगळं देऊळ कोसळतं. माझ्याकडे असला मंत्र घेऊन आलात तर आधी तो पुसायला लावते.

मीही यातूनच गेले आहे. दुसऱ्या वर्षाच्या सराव परीक्षेत 1866 च्या प्रश्नाला मी बिस्मार्क आणि पीडमॉन्ट-सार्डिनिया या इटालियन राज्याचा पंतप्रधान काव्हूर यांची बोलणी अशी रंगवून लिहिली होती की वाचणाऱ्याला वाटावं मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. काव्हूर 6 जून 1861 ला वारला. पाच वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला मी तहाला बसवलं होतं. सरांनी समासात नुसतं एक उद्गारचिन्ह काढलं. त्या दिवशी घरी येऊन दोन्ही प्रकरणं एका कागदावर मांडली, आणि तोच कागद आजही मुलांकडून करून घेते.

कागद असा करायचा. मोठी ड्रॉइंग शीट आडवी धरा आणि चार रकाने आखा : इटली, प्रशिया, ऑस्ट्रिया, फ्रान्स. उजव्या कडेला एक अरुंद पट्टी मोकळी सोडा, तिचं काम पुढे आहे. डावीकडे वर्षं लिहा : 1848-49, 1856, 1858, 1859, 1860-61, 1862, 1864, 1866, 1867, 1870, 1871. एवढीच. तारखांनी कागद भरून टाकलात तर त्याचं गाइडच होईल.

आता सगळे चुकतात ती गोष्ट. पहिला रकाना इटलीचा भरू नका, ऑस्ट्रियाचा भरा, तोही लाल पेनाने. या पंचवीस वर्षांत इटली आणि प्रशिया या दोघांच्याही वाटेत ऑस्ट्रियाच उभी आहे. प्रत्येक ओळीत एकच प्रश्न विचारायचा : या वर्षी ऑस्ट्रियाच्या हातून काय गेलं? 1848 मध्ये ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटरनिक पळाला, पण साम्राज्य वाचलं. 1856 ला क्रिमियन युद्ध संपलं तेव्हा रशियाची मैत्री गेली. 1859 ला इटलीतली लोंबार्डी गेली. 1866 ला व्हेनेशिया, म्हणजे व्हेनिसचा प्रांत, तर गेलाच, जर्मन राज्यांतली पाटीलकीही गेली. 1867 ला घरातच हंगेरीशी वाटणी करून ऑस्ट्रिया-हंगेरी असं जोडनाव घ्यावं लागलं. हा लाल रकाना भरला की बाकीचे तीन आपोआप भरत जातात. विश्वास ठेवा, उलट क्रमाने भरून पाहिलेली आहे, जमत नाही.

1859 ची ओळ हळू भरा. 1858 च्या जुलैत प्लोम्बिएर इथे काव्हूर आणि फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन गुपचूप भेटले. सौदा सरळ होता : फ्रान्सने ऑस्ट्रियाला इटलीतून हाकलायला मदत करायची, मोबदल्यात पीडमॉन्टकडून सॅव्हॉय आणि नीस घ्यायचं. अट अशी की भांडण ऑस्ट्रियाने काढल्यासारखं दिसलं पाहिजे. ऑस्ट्रियाने एप्रिल 1859 मध्ये पीडमॉन्टला ‘तीन दिवसांत सैन्य मोडा’ असा निर्वाणीचा खलिता पाठवून ही अट स्वतःच पुरी केली. जूनमध्ये माजेंटा आणि सोल्फेरिनो इथे ऑस्ट्रिया हरली. आणि जुलैत नेपोलियनने काव्हूरला न विचारता व्हिलाफ्रांकाला लढाई थांबवली. सोल्फेरिनोचा रक्तपात आणि ऱ्हाइनकडे प्रशियाच्या सैन्याची हालचाल, ही त्याची दोन कारणं उत्तरात आलीच पाहिजेत. लोंबार्डी मिळाली, व्हेनेशिया राहिला, काव्हूरने रागाने राजीनामा दिला. इथे बहुतेकांचं उत्तर ‘काव्हूर निराश झाला’वर संपतं. तो जानेवारी 1860 मध्ये परत आला हे लिहायचं राहतं, आणि मग गॅरिबाल्डीचे हजार स्वयंसेवक सिसिलीत उतरले तेव्हा राजधानी तुरिनमध्ये कारभार कोण पाहत होतं, याचा पत्ता लागत नाही.

1866 ची ओळ तर निव्वळ गंमत आहे, आणि याच ओळीवर मी आपटले होते. त्या उन्हाळ्यात इटली जमिनीवर कुस्टोझाला हरली, समुद्रावर लिसाला हरली, आणि तरी तिला व्हेनेशिया मिळाला. कसा? ती प्रशियाच्या बाजूने लढत होती आणि प्रशियाने 3 जुलैला साडोवाला ऑस्ट्रियाला लोळवलं होतं. ऑस्ट्रियाने व्हेनेशिया इटलीच्या हातात थेट दिलाही नाही. तो तिसऱ्या नेपोलियनकडे सोपवला, त्याने पुढे इटलीला दिला. भाडेकरूशी भांडण झालं की घरमालक किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून जातो, तसं. 1870 लाही तेच. प्रशियाशी युद्ध पेटल्यावर फ्रान्सने पोपच्या रक्षणासाठी रोममध्ये ठेवलेली आपली फौज परत बोलावली, सेदानच्या लढाईत तिसरा नेपोलियन पकडला गेला, आणि 20 सप्टेंबरला इटलीचं सैन्य रोममध्ये शिरलं. एकाच आडव्या ओळीत बोट फिरवा : डावीकडे रोम, मध्ये सेदान, आणि खालच्या ओळीत 18 जानेवारी 1871 चा व्हर्सायचा आरसेमहाल, जिथे प्रशियाचा राजा जर्मन सम्राट झाला.

उजवीकडची पट्टी आता भरा. ती आपल्या गावाची. 1858 च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई इथे फुलबागेजवळ पडल्या. प्लोम्बिएरची भेट त्यानंतर जेमतेम महिन्याने झाली. 18 एप्रिल 1859 ला तात्या टोपेंना शिवपुरीत फाशी दिलं, पाच दिवसांनी ऑस्ट्रियाचा खलिता तुरिनला पोचला. राणीच्या समाधीवरून रोज सायकलने जाणारा मुलगा 1858 विसरत नाही. सॅव्हॉयचं नाव तोंडात बसत नसेल तर महादजी शिंद्यांचा द बोयन आठवा. त्यांच्या पलटणी उभ्या करणारा हा माणूस शंभेरीचा, म्हणजे सॅव्हॉयचाच, तेव्हा सार्डिनियाच्या राजाची प्रजा. काव्हूरने 1860 मध्ये फ्रान्सला देऊन टाकलं ते द बोयनचं गाव. (तिथे त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचं कारंजं आहे. पेपरात लिहू नका, पण लक्षात राहील.) आणि जयविलास महाल 1874 चा, व्हर्सायच्या त्या समारंभाला जेमतेम तीन वर्षं झाली होती.

कागद झाला की भिंतीला टांगून वाचत बसू नका. घरात मोठ्याने मराठीत सांगा, आईला, आजीला, पोळ्या लाटणाऱ्या कोणालाही. आपल्याकडची बरीच मुलं पेपर हिंदीत लिहितात, पुस्तक हिंदी, नोट्स हिंदी, त्यामुळे न समजलेलं वाक्यही घडाघडा म्हणता येतं. मराठीत सांगायला गेलं की लबाडी उघडी पडते. ‘परिणामस्वरूप’ म्हणून निभावत नाही, कशाने काय झालं ते सांगावंच लागतं. गेल्या वर्षी एक मुलगी इथेच अडकली. आजीने विचारलं, ‘अगं, पण हरली तर तिला गाव कशाला दिलं?’ त्या एका प्रश्नाने 1866 तिला कायमचं समजलं.

उत्तर लिहिताना ‘इटली म्हणजे केवळ भौगोलिक संज्ञा’ या मेटरनिकच्या वाक्याने सुरुवात करू नका, गठ्ठ्यातल्या निम्म्या उत्तरांची तीच असते. बिस्मार्कचं ‘रक्त आणि लोह’ वापरायचं तर संदर्भासकट : 30 सप्टेंबर 1862, प्रशियाच्या अर्थसंकल्प समितीसमोर, सैन्याच्या खर्चावरून वाद चालू असताना. आणि तो म्हणाला होता ‘लोह आणि रक्त’, क्रम नंतर लोकांनी उलटवला. नकाशा पेन्सिलने, दोन मिनिटांत, पीडमॉन्ट, लोंबार्डी, व्हेनेशिया, पोपचं राज्य आणि नेपल्स-सिसिली एवढंच दाखवून.

आदल्या रात्री नवीन काही उघडू नका. ती शीट कोऱ्या पानावर आठवणीने एकदा काढा, लाल रकान्यापासून. वीस मिनिटांत झाली तर झोपा. अर्धा तास लागला तर 1866 ची ओळ पुन्हा काढा आणि मग झोपा.