इजिप्तमधल्या वकील-मंत्र्याच्या कारकिर्दीचं टिपण कसं तयार करावं

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इजिप्तमध्ये वकिलीतून मंत्रिपदापर्यंत गेलेल्या माणसाची कारकीर्द नुसत्या पदांच्या यादीने कळत नाही. पद कुणामुळे मिळालं आणि कसं गेलं, यातच खरी हकिकत असते. म्हणून कागदावर पाच रकाने आखा: तारीख, पद, गादीवर कोण, नेमणुकीचं कारण, पद कसं सुटलं.

शेवटच्या रकान्याचं मोल मुस्तफा नह्हास यांच्याकडे पाहिलं की पटतं. १९०० साली कायद्याचे पदवीधर, पुढे वकील, न्यायाधीश आणि वफ्द या राष्ट्रवादी पक्षाचे नेते. पंतप्रधानपदाचे पाच कालखंड. १९२८ मध्ये राजा फुआदने बडतर्फ केलं, १९३० मध्ये राजीनामा. मग राजा फारूकने डिसेंबर १९३७, ऑक्टोबर १९४४ आणि कैरोतल्या जाळपोळीच्या दुसऱ्या दिवशी, २७ जानेवारी १९५२ ला घरी पाठवलं. पाचपैकी चारदा बडतर्फी! हे न लिहिता ‘पाच वेळा पंतप्रधान’ एवढंच लिहिलं, तर वाचकाला ते सत्तेत घट्ट बसलेले वाटतात. चौथा रकानाही टाळू नका. ४ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिश रणगाड्यांनी आबदीन राजवाडा वेढला आणि नह्हास यांना पंतप्रधान नेमणं राजाला भाग पाडलं. ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या पक्षाला हा डाग कायमचा चिकटला.

कालखंड आणि मंत्रिमंडळं वेगवेगळी मोजा. एकाच कालखंडात मंत्रिमंडळाची फेररचना झाली की आकडा वाढतो. दोन पुस्तकांतले आकडे न जुळण्याचं कारण बहुधा हेच असतं.

वकिलीचा भाग लिहिताना कोर्ट कोणतं ते आधी ठरवा. परदेशी माणसाचा संबंध असलेले खटले १८७६ मध्ये सुरू झालेल्या मिश्र न्यायालयांत चालत, तिथे फ्रेंचचं वर्चस्व होतं. ती १९४९ मध्ये बंद झाली. इजिप्शियनांची राष्ट्रीय न्यायालयं १८८३ च्या फर्मानाची. आधी पदवी, मग वकिली हा क्रमही गृहीत धरू नका. वफ्दचे संस्थापक साद झगलूल कैरोतल्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात शिकले, १८८४ मध्ये वकिली सुरू केली, १८९२ मध्ये न्यायाधीश झाले आणि फ्रेंच कायद्याची पदवी त्यांनी १८९७ मध्ये मिळवली. इथे बरेच जण तारखा उलट्या लावतात.

झगलूल १९०६ मध्ये शिक्षणमंत्री आणि १९१० मध्ये न्यायमंत्री झाले खरे, पण त्या काळी मंत्र्याला ‘नाझिर’ म्हणत आणि शिक्षण खात्यात त्याच्या शेजारी डग्लस डनलॉप हे ब्रिटिश सल्लागार बसत. १९२४ च्या पंतप्रधानपदाशी या पदांची बरोबरी करू नका. मधल्या काळाला स्वतंत्र नोंदी द्या: १३ नोव्हेंबर १९१८ ला स्वातंत्र्याच्या मागणीसाठी ब्रिटिश उच्चायुक्त विंगेट यांची भेट, मार्च १९१९ मध्ये माल्टाला हद्दपारी, पुढे सेशेल्स. लोकांच्या मनात ते ‘नेते’ झाले ते याच वर्षांत, मंत्रिपदामुळे नव्हे.

तिसऱ्या रकान्यात शब्द जपून वापरा. डिसेंबर १९१४ पर्यंत खेदिव (ऑटोमन सुलतानाच्या नावाने राज्य करणारा शासक), नंतर सुलतान, मार्च १९२२ पासून राजा. ‘बे’ आणि ‘पाशा’ हे किताब मिळाल्याच्या तारखेनंतरच नावापुढे लावा. १९५२ मध्ये ते रद्द झाले, त्यामुळे त्यापुढच्या नोंदींत नुसतं नाव लिहा.