पांदण रस्त्यावर ऑफ-रोड बाईक: नवख्यांनो, या चुका टाळा

विदर्भात ऑफ-रोड शिकायला वेगळा ट्रॅक लागत नाही. गावाबाहेर पडलं की पांदण रस्ता आहे, मुरमाची टेकडी आहे, उन्हाळ्यात नाल्याची कोरडी रेती आहे. तरीही हौसेनं घेतलेली गाडी वर्षभरात अंगणात उभी राहते, कारण गाडी निवडताना घाई होते आणि माती न ओळखताच ती वावरात घातली जाते.

सीसी बघून गाडी घेणं

सुरुवातीला २०० सीसी भरपूर झाली. हीरो एक्सपल्स २०० ४व्हीचं उदाहरण घ्या: वजन १५८ किलोच्या आसपास, सीट जमिनीपासून ८२५ मिमी, पुढचं चाक २१ इंची. हीसुद्धा बुटक्या माणसाला उंच पडते. म्हणून सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे टेकतात का, हे आधी पाहा. ओळखीतल्या कुणाची तशी गाडी असेल तर ती मऊ जागी आडवी करून एकट्यानं उचलून बघा. हँडल घट्ट धरायचं, पाठ सरळ ठेवायची आणि जोर पायांचा लावायचा. नाहीच उचलली, तर त्याहून हलकी गाडी शोधा. गाडी पडणारच आहे, आणि दरवेळी मदतीला कुणी असेलच असं नाही.

मुलांसाठी कावासाकी केएलएक्स ११० सारखी छोटी गाडी मिळते, पण ती रस्त्यावरची नाही. तिला हेडलाइट नाही, आरटीओत नोंदणीही होत नाही. ती आपल्याच शेतात, मोठ्यांच्या नजरेसमोर चालवायची. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती रस्त्यावर गाडी दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पावसानंतर लगेच काळ्या मातीत शिरणं

ही सगळ्यात महागडी चूक. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला चिकटते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला नवा थर चढतो. थोड्याच अंतरात टायर आणि मडगार्डमधली जागा गच्च भरते आणि चाक फिरायचं थांबतं. साध्या बाईकचं मडगार्ड चाकालगत असल्यानं ती आधी अडकते. उंच मडगार्डची गाडी थोडी पुढं जाते, एवढाच फरक.

अडकल्यावर नवखा माणूस रेस वाढवतो. मागचं चाक आणखी रुतत जातं, क्लच घसरतो आणि जळका वास येतो. वास आला की इंजिन बंद करा आणि गाडी थंड होऊ द्या. तोवर पऱ्हाटीच्या काडीनं मडगार्डखालचा गारा कोरून काढा. मग गाडीवर न बसता, बाजूनं चालत, पहिल्या गिअरमध्ये हलक्या रेसवर तिला धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत आणा.

याहून बरं, वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती कामापुरती सुकेपर्यंत थांबा. ज्या वावरात डवरा (बैलांचं कोळपं) चालत नाही, तिथं बाईकही नेऊ नका. पावसाळ्यात मुरमावर शिका, तिथं पाणी लवकर निचरतं.

घरी आल्यावर चिखल ओला असतानाच धुवा; वाळला की इंजिनच्या पात्यांमध्ये दगडासारखा बसतो आणि गाडी तापते. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर थेट मारू नका. साखळीला धुतल्यावर तेल द्या.

हवा आणि काटे

डांबरी रस्त्याची हवा ठेवून मुरमावर गेलं की टायर उड्या मारतं. २० पीएसआयच्या आसपास आणा. त्याहून फार कमी केली, तर दगडावर आदळून ट्यूब रिममध्ये चिमटते. परत रस्त्यावर येताना भरायला छोटा पंप जवळ ठेवा.

बाभळीचा काटा टायरमध्येच राहिला, तर नवी ट्यूबही तासाभरात बसते. म्हणून ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. जिथं अडकेल, तिथं काटा आहे.

पडल्यावर गाडी सुरू होत नाही

फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत आडवं पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. गाडी उभी करा, चावी बंद करून पुन्हा चालू करा, मग स्टार्टर दाबा. तरी नाही झाली, तर साइड स्टँडचा स्विच चिखलानं भरला का ते पाहा. नाल्याच्या पाण्यात बुडून बंद पडली असेल, तर मात्र स्टार्टरला हातही लावू नका. आधी एअर फिल्टर उघडून बघा. आत पाणी दिसलं, तर प्लग काढून पाणी बाहेर काढावं लागतं. येत नसेल तर मेकॅनिकला बोलवा. उन्हाळ्याच्या धुळीतही फिल्टर वरचेवर तपासा: फोमचा असेल तर धुऊन तेल द्या, कागदाचा असेल तर बदला.

शेत ओळखीचं नसणं

कठडा नसलेली विहीर उभ्या पिकात दिसत नाही. रानडुकरांसाठी कुणी कुणी धुऱ्यावर तारेत करंट सोडतात. ते बेकायदेशीर आहे, तरी घडतं. त्यामुळे मालकाला विचारूनच शिरा, आधी पायी फिरा आणि अंधार पडल्यावर जाऊ नका. ताडोबा, मेळघाट, पेंचच्या राखीव जंगलात तर परवानगीशिवाय बाईक घालणं गुन्हाच आहे.